पहिला शोधनिबंध कुठे पाठवायचा?

चि. पोरी,

निबंधासोबत तू जर्नलांचा इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (म्हणजे त्यांतल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा हवाला दिला, त्यावरून) लावलेला तक्ताही जोडलास. तक्ता मी उघडला नाही. निबंध वाचला, काम खणखणीत आहे. म्हणूनच सांगतो, आपल्याकडच्या जर्नलला दे.

रामननी १९२६ मध्ये कोलकात्यात 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' सुरू केलं. मार्च १९२८ मधलं नव्या प्रारणावरचं, म्हणजे आज आपण 'रामन परिणाम' म्हणतो त्यावरचं, बंगळूरचं व्याख्यान त्यांनी त्यातच छापलं आणि त्याच्या प्रती देशोदेशीच्या शास्त्रज्ञांना टपालाने धाडल्या. 'नेचर'लाही टिपणं गेली होती, ठाऊक आहे मला. पण सविस्तर मांडणी घरच्या जर्नलात! १९३४ मध्ये बंगळूरला 'इंडियन अकादमी ऑफ सायन्सेस' काढली, तिचं 'प्रोसीडिंग्ज'ही त्याच वर्षी निघालं. जर्नल वाढतं ते कुणी आपलं उत्तम काम त्याला दिलं की. नाकारून परत आलेलं नव्हे, उत्तम.

"तिथे वाचतं कोण?" हे तू विचारणारच. भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, ऐन बाविशीत, 'प्रोसीडिंग्ज'मध्येच दाखवलं होतं की प्रकाशाचं ध्रुवण (त्याच्या लहरी कशा कंप पावतात ते) बदलत बदलत मूळ स्थितीला आणलं तरी त्याच्या कलेत (फेजमध्ये) फरक उरतो, आणि तो पॉइंकारे गोलावरच्या (ध्रुवणाची प्रत्येक स्थिती एका बिंदूने दाखवणाऱ्या काल्पनिक गोलावरच्या) त्या बंद वाटेने वेढलेल्या क्षेत्रफळावर ठरतो. १९८४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ बेरींनी पुंजयांत्रिकीत तशीच गोष्ट मांडली. दोन्हींचं नातं १९८६ मध्ये रामशेषन आणि नित्यानंद यांनी दाखवलं, तेही आपल्याच 'करंट सायन्स'मध्ये. पुढच्याच वर्षी बेरींनी स्वतः पंचरत्नमांच्या कामावर लिहिलं. पंचरत्नम मात्र १९६९ मध्येच गेले होते. कडू आहे हे, गोड करून सांगत नाही. पण दोष जर्नलचा, की आपलंच न वाचणाऱ्या आपला?

माझी बढती रखडली ती याच पायी. "भारतीय जर्नलंच फार दिसतात," असं मुलाखतीत एक सदस्य म्हणाले. पुढचा निबंधही मी तिथेच पाठवला. हट्ट म्हण हवं तर. घरी अजूनही तोच शब्द वापरतात. पण त्या निबंधावर एका रेफरीने (छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाने) हाताने लिहिलेली पानंच्या पानं आली, माझी सगळी आकडेमोड त्याने नव्याने केली होती. असं वाचणारा माणूस मला बढतीपेक्षा महाग वाटला, आजही वाटतो.

पैसे घेऊन आठवड्यात छापून देतात ती दुकानं, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. गाइड कुरकुरले तर माझं नाव सांग. आणि आकृती ३ मध्ये एरर बार (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) नाहीत, ते घातल्याशिवाय कुठेच पाठवू नकोस, आपल्याकडेही नाही.

तुझा,
सर