पॅरिसचं एक जेवण, टोकियोचं काउंटर आणि वाशीच्या काकूंची साडी

या वेळी तुमचे प्रश्न बघून मलाच भूक लागली. व्हिसा, बॅगेचं वजन, फोनचं सिम असलं कोणी काही विचारलंच नाही, सगळ्यांना जेवायचंय! तीन प्रश्न घेतेय, पहिल्यावरच जास्त लिहिलं गेलंय, बाकीच्या दोघांनी रागावू नका.

प्रश्न : ऑक्टोबरमधे आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. मी, हे आणि सासूबाई पॅरिसला चाललोय. एकदा तरी मिशेलिन स्टारवालं जेवण करायचंय. हे सगळं खातात, मी शाकाहारी पण अंडं चालतं, सासूबाईंना अंड्याचा केकही चालत नाही. मुलीने रील्स बघून अकरा जागांची लिस्ट दिलीय. निवडायचं कसं? बिलाच्या धास्तीने ह्यांची झोप आत्ताच उडालीय. – एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. आणि मुलीची लिस्ट जरा वेळ बाजूला ठेवा, कारण रीलमधे ताट दिसतं पण तीन तास खुर्चीत बसलेल्या सासूबाई दिसत नाहीत.

स्टार म्हणजे नेमकं काय ते एकदा बघून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. मिशेलिन ही टायरची कंपनी. १९०० साली ती चालवणाऱ्या दोघा मिशेलिन भावांनी गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं आणि फुकट वाटलं, हेतू साधा, लोकांनी गाड्या काढाव्यात, लांब लांब फिरावं आणि टायर झिजवावेत. स्टार १९२६ पासून आले, दोन आणि तीन स्टार १९३१ पासून. अर्थही रस्त्याचाच आहे, एक स्टार म्हणजे वाटेत थांबण्यासारखी जागा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्यासारखी, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा अशी. नाशिकहून मुंबईला येताना हायवे सोडून ठाण्यात मामलेदारच्या मिसळीसाठी गाडी आत घालतो ना आपण, त्या हिशोबाने मिसळीला दोन स्टार झालेच की (हे माझं मत, मिशेलिनचं नाही).

आता मुद्दा असा की त्यांचे इन्स्पेक्टर फक्त ताटातलं बघतात. कच्चा माल कसा आहे, शिजवण्यातला हात कसा आहे, चवी जमल्यात का, शेफचा स्वतःचा ठसा आहे का आणि दर वेळी तेच मिळतं का. बसायला आराम आहे का, वेटर प्रेमाने बोलतो का, शाकाहारी माणसाचं पोट भरेल का, यातलं काहीच स्टारमधे मोजलेलं नसतं. म्हणजे तुमचा खरा प्रश्न त्या स्टारमधे सुटतच नाही, तो सुटतो तुम्ही पाठवाल त्या मेलमधे.

मेलमधे नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून थांबू नका, हे मी स्वतः आपटून शिकलेय. युरोपातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या जागी बुकिंग करताना मी तेवढा एकच शब्द लिहिला, मशरूमचा रिसोटो आला, अप्रतिम होता, अर्ध्याहून जास्त संपवला आणि मग उगाच कौतुकाने विचारलं की एवढी चव कशाने आली, तर वाढणारा मुलगा हसून म्हणाला चिकनच्या स्टॉकने, म्हणजे चिकन उकळून काढलेल्या पाण्याने. त्याच्या लेखी चिकनचा तुकडा नव्हता म्हणजे व्हेज! पुढचे दोन दिवस मी नुसता ब्रेड खाल्ला. त्यामुळे फोड करून लिहा, मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मांसाचा किंवा माशाचा स्टॉक नको, जिलेटिन नको, दूध-लोणी चालेल. चीजचंही बघा, बऱ्याच पारंपरिक फ्रेंच चीजमधे आणि अस्सल पार्मेझानमधे दूध घट्ट करायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं, सासूबाईंना ते चालणार नसेल तर त्यांच्यापुरतं सरळ 'व्हीगन' लिहून टाका. दुधाचं सगळं जाईल खरं, पण तो शब्द किचनमधे लगेच कळतो आणि कोणी अंदाज बांधत बसत नाही. आणि प्रत्येकाचं वेगळं लिहा, तुमचं वेगळं, सासूबाईंचं वेगळं, आणि हे सगळं खातात म्हणून ह्यांना वाऱ्यावर सोडू नका.

त्या मेलला उत्तर कसं येतं यावरूनच जागा निवडा. 'हो, शेफ वेगळा मेन्यू करतील' असं आलं तर नाव पक्कं करा. 'प्रयत्न करू' आलं तर ती जागा खोडा, कारण मग बहुतेक वेळा मासा काढून उरलेल्या भाज्याच ताटात येतात आणि पैसे तेवढेच जातात. काही रेस्टॉरंटच्या साइटवर 'मेन्यू व्हेजेताल' असा वेगळा भाज्यांचा मेन्यूच दिलेला असतो, लिस्टमधल्या अशा जागा वर घ्या. शाकाहारात मोठं जेवण होत नाही असं मनात आणू नका, पॅरिसच्या आर्पेज रेस्टॉरंटमधे शेफ आलँ पासार यांनी २००१ मधे रेड मीट बंद केलं तरी तिन्ही स्टार टिकले, आणि २०२५ पासून तर मध सोडला तर सगळंच वनस्पतींचं केलंय. (तिथलं बिल मात्र ह्यांना दाखवू नका.)

बिलाचं सांगते. दुपारी जा. तेच किचन, तोच शेफ, पण बऱ्याच ठिकाणी दुपारचा सेट मेन्यू रात्रीच्या टेस्टिंग मेन्यूपेक्षा (थोडे थोडे बरेच पदार्थ एकामागून एक येतात तो) खूपच स्वस्त असतो, कधी कधी निम्म्यात होतं. आणि सासूबाईंना रात्री साडेआठला जेवायला बसून अकराला उठणं झेपणार आहे का? बहुतेक ठिकाणी हा दुपारचा मेन्यू वीकडेला असतो, रविवार-सोमवार खूप जागा बंदच असतात. ऑगस्टमधे तर अर्धं पॅरिस सुट्टीवर जातं, तुम्ही ऑक्टोबर काढलाय ते बरंच केलंत. तिथे 'मेन्यू' म्हणजे सेट जेवण आणि 'कार्त' म्हणजे आपलं मेन्यूकार्ड, हा घोळ लक्षात ठेवा. दरपत्रक दाराबाहेर लावणं फ्रान्समधे सक्तीचं आहे, आदल्या संध्याकाळी फिरत फिरत जाऊन बघून या, ह्यांना झोप तरी लागेल. सर्व्हिस दरातच धरलेली असते, अमेरिकेसारखी वर वीस टक्के टिप द्यायची नसते, फार आवडलं तर थोडे युरो ठेवा.

बिल फुगतं ते पिण्यावर. बसल्या बसल्या 'शँपेनने सुरुवात करायची का' असं इतकं गोड विचारतात की ते फुकटच वाटतं, फुकट नसतं. पाणी विचारलं की 'कराफ दो' म्हणा, म्हणजे नळाचं पाणी जगमधे येतं, त्याचे पैसे नाहीत आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही, फ्रेंच लोकही तेच मागतात. कार्डच्या मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरोच दाबा, रुपयात त्यांचा रेट आपल्याला महागात पडतो. बुकिंगच्या वेळी कार्ड नंबर घेतात आणि ऐनवेळी रद्द केलं तर माणशी पैसे कापतात, ती अट वाचूनच पुढे जा. आणि काहीच जमलं नाही तर बिब गुरमाँ नावाची मिशेलिनचीच दुसरी यादी आहे, चांगलं खाणं आणि दर आवाक्यात, तिथे निवांत जा.

प्रश्न : कंपनी दहा दिवस टोकियोला पाठवतेय. एक ओमाकासे करायचंच आहे. पण सोबतचा कलीग जैन आहे. दोघांना एकत्र जमेल अशी जागा कशी शोधू? टिप किती? – घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : सुशीच्या ओमाकासेला त्याला नेऊ नका, दादा. ओमाकासे म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं', शेफ देईल ते खायचं, आणि शेफ मासेच देणार. आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर असतं, एकजण नुसता बसून राहिला तर सगळ्यांचाच घास अडकतो. बाहेरून शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी, सूपमधे, सॉसमधे, अगदी भाजीच्या टेंपुराच्या (जपानी भज्यांच्या) डिपमधेसुद्धा.

ओमाकासे एकट्याने उरका आणि एकत्र जेवायला 'शोजिन र्योरी' शोधा. हे बौद्ध मठांतलं जेवण, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबू शेवाळ आणि शिताके मशरूमची. आपल्या सात्त्विक जेवणाचा जपानी चुलतभाऊच म्हणा. कंदमुळं मात्र वापरतात, आणि मशरूम चालतं का तेही कलीगला विचारून घ्या, सगळं आधीच कळवा. क्योतोत याच्या जास्त जागा आहेत, वीकेंडला शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जाता येईल.

टिप शून्य. ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतील. ओमाकासेला परफ्यूम मारून जाऊ नका, आणि समोर ठेवलेला घास फोटोसाठी पाच मिनिटं ताटकळत ठेवू नका, भाताची ऊब जाते. बुकिंग तुम्ही उतराल त्या हॉटेलच्या काउंटरवरून करून घ्या.

प्रश्न : मुलगा सिंगापूरला असतो, मिशेलिनवाल्या हॉटेलात नेणार म्हणतोय. मी साडीच नेसते, चालेल का? आणि दर तीनशे डॉलर 'प्लस प्लस' असं काहीतरी म्हणाला, ते काय असतं? – वाशी

उत्तर : काकू, प्लस प्लस म्हणजे वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर नऊ टक्के जीएसटी, म्हणजे तीनशेचे जवळजवळ तीनशे साठ होतात. मुलगाच भरणार आहे, तुम्ही हिशोब करू नका. फार वाटलं तर त्याला सांगा की २०१६ मधे तिथल्या दोन टपरीवजा हॉकर स्टॉलनाही एकेक स्टार मिळाला होता. एक सोया सॉस चिकनचा, दुसरा पोर्क नूडल्सचा, म्हणजे तुम्ही शाकाहारी असाल तर तेही कामाचं नाही, मग मोठ्या हॉटेलातच जा!

साडी चालेल काय, धावेल. ड्रेसकोडचा त्रास पुरुषांना, हाफ पँट आणि चपला घालून जाणाऱ्यांना. तुम्ही छान सिल्कची नेसा, पदराला पिन लावा नाहीतर सूपमधे जाईल, आणि पर्समधे शाल टाका, बाहेर कितीही उकडलं तरी आत एसी थंडगार असतो.