अतिवृष्टीचे पैसे शेजाऱ्याला आले, मला का नाही?

तुमचा दीड एकर कापूस पारोळा तालुक्यात सप्टेंबर २०२५ च्या पावसात पाणी साचून गेला, पंचनामाही झाला, पण पैसे फक्त बांधाशेजारच्याला आले. भाऊ, आधी बँकेत चकरा मारणं थांबवा. रक्कम बहुतेक वेळा बँकेपर्यंत पोचलेलीच नसते.

तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बाधितांची यादी असते, त्यात स्वतःची ओळ बघा. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, आधार आणि विशिष्ट क्रमांक, म्हणजे गावातला 'व्हीके नंबर'. नाव यादीतच नसेल तर नुकसान ३३ टक्क्यांखाली धरलं असेल, किंवा ई-पीक पाहणीत (मोबाईल ॲपवरून होणाऱ्या पीक नोंदीत) कापसाऐवजी दुसरंच पीक लागलं असेल. तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या. सोबत सातबारा, पीक पाहणीची नोंद आणि शेताचे फोटो जोडा, आणि पोचपावतीवर आवक शिक्का घ्याच. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही. दाद लागली नाही तर पंचनाम्याची प्रत माहिती अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

नाव असेल तर क्षेत्राचा आकडा नीट वाचा. दीड एकर म्हणजे ६० आर, यादीत ०.६० हेक्टर हवं. टंकताना ०.०६ झालं की जिरायत दराने ५१० रुपये निघतात, आणि किमान मदतीच्या नियमामुळे खात्यात नेमके १,००० पडतात. बागायतीला हाच किमान आकडा २,००० होता. म्हणून कुणाला असा गोल आकडा आला तर संशय घ्यावा. खरीप २०२५ चे दर असे होते: हेक्टरी जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक फळपिके २२,५००. म्हणजे तुमचे ५,१०० होतात, पण विहिरीवर ठिबक असेल तर १०,२००. आपल्याकडे मे महिन्यात ठिबकवर लावलेला कापूसही सर्रास जिरायत लिहिला जातो, कारण ई-पीक पाहणी करताना सिंचनाचा रकाना कुणी नीट भरत नाही. फरक सरळ दुपटीचा आहे. (१३,६०० चा दर कुणी सांगत असेल तर तो जानेवारी २०२४ च्या निर्णयातला आहे, खरीप २०२५ ला तो लागू नाही.) रब्बीच्या बियाण्यासाठीचे हेक्टरी १०,००० वेगळे जमा झाले, शेजाऱ्याच्या रकमेशी तुलना करताना ते बाजूला काढा.

व्हीके नंबर असून पैसे नसतील तर ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालीय का बघा. ॲग्रिस्टॅकचा (सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीचा) शेतकरी क्रमांक असलेल्यांना त्यातून सूट दिली होती, बाकीच्यांनी सेतू किंवा सीएससी केंद्रावर अंगठा द्यायचा. पडद्यावर क्षेत्र आणि रक्कम दिसते, घाईत 'मान्य' करू नका. चूक असेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते आणि ती तहसीलकडे जाते. अंगठा उमटत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून या.

केवायसी होऊनही जमा नाही? मग आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते माय-आधारवर बँक सीडिंगमध्ये पाहा. डीबीटीची (सरकारकडून थेट खात्यात येणारी) रक्कम तुमच्या नेहमीच्या पासबुकात येते असं नाही, शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात पैसे पडून असल्याचं खूपदा निघतं.

सातबारा भावांचा सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. खातेदार वारलेले असतील तर आधी वारस फेरफार, त्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही.

आणि रक्कम आली पण शाखेने पीककर्जात वळती केली, तर मदतीच्या शासन निर्णयातच तसं करू नये असं लिहिलेलं असतं. त्याची प्रत जोडून शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या, दुसरी प्रत तहसीलला.