काटा ११८८वर, पण गाणं कुठाय?

प्रश्न : काका, सासऱ्यांचा मर्फीचा लाकडी रेडिओ आम्ही दुरुस्त करून घेतला. दिवा लागतो, आवाजही येतो, पण विविध भारतीच्या जागी नुसती खरखर. सासरे सांगायचे, हे स्टेशन मुंबईतूनच चालतं. मग मुंबईकरांनाच ते एफएमवर इतक्या उशिरा का मिळालं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, खरखरीचं नंतर बघू. तीस वर्षं ठाण्यात जिन्याखालच्या टेबलावर रेडिओ दुरुस्त केले. हा तुमचा दुसरा प्रश्न गिऱ्हाइकं मलाही विचारायची, जणू स्टेशन मीच चालवतो.

गोष्ट १९५२पासूनची. नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. सिनेमाची गाणी त्यांना खपत नसत. आकाशवाणीवर त्या गाण्यांचा वेळ कापला गेला. शिवाय सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती म्हणे जाहिरात! निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणीच काढून घेतली. लोकांनी काय केलं? काटा शॉर्ट वेव्हवर नेला. रेडिओ सिलोनवर त्याच डिसेंबरात अमीन सायानींची 'गीतमाला', म्हणजे सिनेमाच्या लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी, सुरू झाली. पुढे आमच्या चाळीत बुधवारी रात्री आठ वाजता एक सेट लागायचा आणि तीन बिऱ्हाडं ऐकायची. सिलोनचा आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा. ऐन पहिल्या पायदानाला, म्हणजे पहिल्या नंबरच्या गाण्याला तो बुडाला, की वडील एरियलच्या वायरीला शिव्या घालत.

सरकारला हे उमगायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. तिच्या आखणीत कवी नरेंद्र शर्मांचा मोठा हात. आरंभीच्या गीताचे शब्द त्यांचे, चाल अनिल विश्वास यांची आणि आवाज मन्ना डे यांचा. प्रक्षेपण मुंबई आणि मद्रासच्या शॉर्ट वेव्हवरून व्हायचं. जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ला, तेही मुंबई-पुणे-नागपूरला आधी. मग मुंबईत मीडियम वेव्हवर ११८८ किलोहर्ट्झ ही तिची जागा पक्की झाली. फौजींची 'जयमाला', पंधरा मिनिटांचा 'हवामहल', रात्रीचं 'छायागीत'. घड्याळ बिघडलं तरी घर चालायचं. आणि १९८९मध्ये गीतमालाच सिलोनहून विविध भारतीवर आली! त्या आठवड्यात माझ्या दुकानात पेढे वाटणारा गिऱ्हाईक मी पाहिलाय.

आता तुमचा नेमका प्रश्न. विविध भारतीचा स्टुडिओ बोरिवलीला, गोराई रोडवर. तिथं रेकॉर्ड झालेला कार्यक्रम गावोगावच्या एफएमवर स्वच्छ वाजायचा. पुण्यात १०१वर लागायचा. बोरिवलीतल्या माणसाला मात्र मीडियम वेव्ह. मुंबईचा एफएम आकाशवाणीच्या इतर वाहिन्यांनी आणि मग खासगी स्टेशनांनी व्यापला. मोबाइलमध्ये फक्त एफएम, म्हणून नव्या पोरांना घरचं स्टेशन माहीतच नाही. मुंबईत एफएमवरची १०२.८ ही जागा विविध भारतीला फार उशिरा मिळाली. माझ्या मते हा नुसता आळस होता.

राहिली खरखर. मध्यंतरी एकाने सेट आणला, 'काका, मेला.' दुकानातही लागेना. गच्चीवर नेला, तर ठणठणीत! सेट मेला नव्हता. इमारतीत एलईडी दिवे, चार्जर आणि राउटर आले होते. मीडियम वेव्हला ही कचकच सहन होत नाही, त्यात स्लॅबमधल्या सळ्या. दिवसा, घरातली मेन बंद करून, बॅटरीवरच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर ११८८ लावून बघा. तो आडवा धरून गोल फिरवा, आत फेराइटची कांडी असते, तीच त्याची एरियल, तिची दिशा जुळली की आवाज उचलतो. मर्फीच्या काचेवर किलोहर्ट्झऐवजी मीटर (लहरीची लांबी) छापलेले असतील तर २५२च्या आसपास. रात्री परक्या भाषा घुसतील. अंधार पडला की वरच्या हवेतला लहरी गिळणारा थर विरतो आणि लांबची स्टेशनं आकाशावर आपटून तुमच्या घरात येतात.

पण देशभर मीडियम वेव्हचे प्रक्षेपक एकेक करून बंद होत आलेत, तेव्हा ट्रान्झिस्टरवरही काही लागलं नाही तर मेकॅनिकला दोष देऊ नका. मर्फीत एफएम नाहीच. मागे 'पिकअप' किंवा 'ग्रॅम' लिहिलेली दोन भोकं आहेत का पाहा. तिथं पूर्वी तबकडीचं यंत्र जोडायचे. मोबाइलवरची विविध भारती तिथून सासऱ्यांच्याच स्पीकरवर वाजेल. फक्त स्वतः वायर खुपसू नका. काही वाल्वच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीवरच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरच, थेट करंट असतो. असा सेट निघाला तर जोडणी नकोच. आधी जुन्या मेकॅनिकला मागची फळी उघडून बघू द्या.