‘डाउन्टन ॲबी’चा तिसरा सीझन : सातवा भाग शेवटचा की नववा? आणि मॅथ्यूला असं अचानक का मारलं?

या ब्रिटिश मालिकेच्या भागांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ साली ८ भाग आणि २५ डिसेंबरला नाताळ विशेष भाग दाखवला गेला. अमेरिकेत पीबीएस वाहिनीने पहिले दोन आणि सातवा-आठवा असे भाग जोडून एकूण ७ केले. म्हणून घरातल्या धाकट्या मुलीचा, सिबिलचा, मृत्यू ब्रिटिश क्रमाने पाचव्या भागात येतो, तर अमेरिकी क्रमाने चौथ्या. चर्चा वाचताना इथेच घोळ होतो आणि पुढचं कथानक आधीच कळतं. क्रिकेट सामन्यावर थांबला असाल तर स्कॉटलंडचा, म्हणजे नाताळचा, भाग राहिलाय, तो पाहिल्याशिवाय चौथा सीझन उघडू नका.

मॅथ्यूचं कारण साधं : त्याची भूमिका करणाऱ्या डॅन स्टीव्हन्सचा करार तीन सीझनचा होता आणि त्याला पुढे काम करायचं नव्हतं. मॅथ्यूचं घरातल्या थोरल्या मुलीशी, मेरीशी, लग्न झालेलं, त्यामुळे मॅथ्यूला नुसतं परगावी पाठवून भागलं नसतं. मुलगा जन्मल्यावरच अपघात घडवला, कारण घराण्याच्या सरदारकीच्या पदवीला वारस हवा. नाहीतर पहिल्या सीझनचा वारसाहक्काचा पेच पुन्हा उभा राहिला असता. तरी मोटार आणि लॉरीची ती धडक घाईची वाटते. सिबिलच्या मृत्यूचं तसं नाही. सुजलेले घोटे, लघवीतलं अल्ब्युमिन, डॉ. क्लार्कसनचा रुग्णालयात नेण्याचा आग्रह, बड्या डॉक्टरचा, सर फिलिपचा, नकार. एक्लॅम्पसियाची (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याच्या आजाराची) सगळी लक्षणं आधी पेरलेली आहेत. खरा कळस मला तोच वाटतो.