प्रॅक्टिकल शूटिंगच्या सामन्यात रिव्हॉल्व्हर घेऊन उतरायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही अमेरिकेत राहता, क्लबमध्ये यूएसपीएसए या अमेरिकी प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या (चालता-धावता, वेळेशी स्पर्धा करत लक्ष्ये वेधण्याच्या) सामन्यांत ९ मिलिमीटरचे पिस्तूल चालवता, आता स्मिथ अँड वेसनचे ६८६ हे ४ इंची नळीचे, सहा बारी रिव्हॉल्व्हर घेतले आहे, तर रिव्हॉल्व्हर विभागात उतरण्यापूर्वी चाप हलका करून घ्यावा का, आणखी काय विकत घ्यावे आणि सराव कशाचा करावा? मी बऱ्याच काळापासून याच विभागात खेळतो आहे आणि माझे मत ठाम आहे. चापाचा विचार नंतर करा. रिव्हॉल्व्हरचा सामना रिलोडवर, म्हणजे पुन्हा काडतुसे भरण्यावर, आणि प्रत्येक काडतूस नक्की उडण्यावर ठरतो, म्हणून पैसा आणि वेळ आधी तिथे घाला.

हे उत्तर इतर मराठी वाचकही वाचतील, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना हा मोजक्या अपवादांपैकी एक. क्लबचे सभासद होण्यापूर्वी आपली स्थिती जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावी.

रिलोडला मी इतके महत्त्व का देतो, ते नियमांतून कळते. यूएसपीएसएच्या मोठ्या स्टेजमध्ये (सामन्यातल्या एका फेरीत) कमाल ३२ बार असतात आणि कोणत्याही एका जागेवरून आठांपेक्षा जास्त गुणपात्र बारांची सक्ती करता येत नाही. २०१४ मध्ये या विभागात आठ बारी रिव्हॉल्व्हरला मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांच्या) गुणांकनावर परवानगी मिळाली आणि खेळाचे गणितच पालटले, कारण आठ बारीवाला एका जागेचे काम एका भरण्यात संपवून चालता चालता रिलोड करतो, तर सहा बारीवाल्याला तिथेच उभे राहून भरावे लागते. मेजरमध्ये (जास्त ताकदीच्या काडतुसांत) लक्ष्याच्या कडेच्या सी क्षेत्रातल्या गोळीला ४ गुण मिळतात आणि मायनरमध्ये ३. मधल्या ए क्षेत्राला दोन्हींत ५च. समजा ३२ बारांपैकी ८ सीमध्ये गेले, तर मेजरवाल्याचे १५२ गुण होतील आणि मायनरवाल्याचे १४४. गुणांना वेळेने भागून हिट फॅक्टर निघतो, तेव्हा मायनरवाल्याने स्टेज ३० सेकंदांत संपवली असेल तर मेजरवाल्याला बरोबरी साधण्यासाठी साधारण १.७ सेकंद जास्त मिळतात. पण त्याला पाच रिलोड करायचे आहेत आणि आठ बारीवाल्याला तीन. जास्तीचे दोन रिलोड उभ्याने करावे लागले, तर मधल्या फळीतल्या नेमबाजाला ते १.७ सेकंदांत कधीच बसत नाहीत. म्हणून या विभागात आज आठ बारी मायनरच जास्त फायद्याचे आहे, असे माझे मत आहे.

तुमच्या ६८६ मध्ये .३८ स्पेशल काडतूस चालवल्यास सहा बार आणि मायनर अशा दोन्ही बाजूंनी तोटा होतो, हे स्पष्ट सांगायला हवे. शिवाय दुकानातून आणलेले .३८ स्पेशल मायनरलाही पुरेल याची खात्री नाही. पॉवर फॅक्टर म्हणजे ग्रेनमधले गोळीचे वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले १०००. यूएसपीएसएमध्ये मायनरसाठी १२५ आणि मेजरसाठी १६५ लागतो. १५८ ग्रेनच्या साध्या शिशाच्या गोळीचा कारखान्याने छापलेला वेग ७५५ फूट असतो आणि त्याचा पॉवर फॅक्टर ११९ च्या आसपास येतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजण्याच्या यंत्रावर) तो १२५ च्या खाली भरला, तर पूर्ण सामना खेळूनही गुण शून्य. तुम्ही काडतुसे स्वतः भरत असाल तर १५८ ग्रेनची गोळी ८२० फुटांच्या आसपास ठेवा, म्हणजे थंडीच्या दिवशीही थोडी सवड राहते. भरत नसाल तर आयडीपीए या दुसऱ्या संघटनेचा स्टॉक रिव्हॉल्व्हर विभाग पाहा. तिथे १०५ पुरतो आणि स्पीडलोडरच (सगळी काडतुसे एकदम भरायचे साधन) वापरले जातात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या आयकोर संघटनेचे सामने तर फक्त रिव्हॉल्व्हरचेच असतात आणि त्यांच्या सहा बारी विभागांत ६८६ अगदी शोभून दिसते. वर्षभर तिथे खेळा आणि मगच दुसरे रिव्हॉल्व्हर घ्यायचे का ते ठरवा.

६८६ साठी सफारीलँडचे कॉम्प पद्धतीचे स्पीडलोडर घ्या. ते नुसते दाबले की सुटते, तर एचकेएसच्या लोडरची मूठ फिरवावी लागते आणि घाईत ती फिरवणे जमत नाही. पुढे यूएसपीएसएमध्ये गांभीर्याने उतरायचे ठरवले, तर मात्र मून क्लिपवर चालणारेच रिव्हॉल्व्हर घ्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पिस्तुले कमी पडू लागली, तेव्हा पिस्तुलाचे कड नसलेले .४५ एसीपी काडतूस १९१७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरता यावे म्हणून तीन काडतुसांची अर्धचंद्राकृती पट्टी तयार झाली. आजची पूर्ण मून क्लिप हे तिचेच पुढचे रूप: सगळी काडतुसे एका चकतीत, एकत्र आत जातात आणि पुंगळ्या एकत्र बाहेर पडतात. सहा बारी मेजरसाठी .४५ एसीपीचे ६२५, आठ बारी मायनरसाठी .३५७ चे ६२७ किंवा ९ मिलिमीटरचे ९२९ ही स्मिथ अँड वेसनची मॉडेले म्हणजे नेहमीची निवड. ६२७ वाले बरेच जण .३८ शॉर्ट कोल्टच्या पुंगळ्या वापरतात, कारण त्या आखूड असल्याने झटकन आत बसतात आणि एजेक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या) एका ठोक्यात पूर्ण बाहेर येतात. ९२९ चे सिलिंडर टायटॅनियमचे असल्यामुळे हलके आहे. ते लवकर फिरते आणि लवकर थांबते.

मून क्लिपबाबत हयगय करू नका. किंचित वाकलेल्या क्लिपमुळे काडतुसांची बूड फ्रेमला घासते, सिलिंडर अडते आणि चाप अचानक जड होतो, तेव्हा नेमबाज दोष चापाला देतो. भरलेली प्रत्येक क्लिप सामन्यापूर्वी सिलिंडरमध्ये बसवून, सिलिंडर हाताने फिरवून पाहिली पाहिजे. मात्र हे काम रेंजवर मनाने करायचे नाही, कारण सुरक्षित क्षेत्रात (बंदूक हाताळण्यासाठी ठरवून दिलेल्या जागेत) काडतूस हातात घेणे म्हणजे सामन्यातून बाद होणे. ते घरी करा, रिव्हॉल्व्हर सुरक्षित दिशेला रोखून आणि बोट चापापासून दूर ठेवून. वाकलेली क्लिप सरळ करत बसू नका, फेकून द्या. पुंगळ्या हाताने ओढून काढल्याने क्लिप वाकते, त्यासाठी साधे हत्यार मिळते, ते घ्या. गोळी गोल टोकाची असावी आणि चेंबरच्या कडा जाणकार कारागिराकडून थोड्या उतरवून घ्याव्यात. मला वाटते रिव्हॉल्व्हरवर करण्याजोगे पहिले काम हेच आहे.

आता चाप. कारखान्यातून आलेला डबल ॲक्शन चाप १२ पौंडांच्या आसपास असतो, स्पर्धेसाठी तो सहा ते आठ पौंडांवर आणतात. स्प्रिंग हलकी केली की घोड्याचा आघातही हलका होतो आणि कठीण प्रायमर (काडतुसाच्या तळातली, दारू पेटवणारी टोपी) पेटत नाहीत. म्हणूनच हलक्या चापाचे बहुतेक नेमबाज फेडरलचे प्रायमर वापरतात, कारण ते सर्वांत संवेदनशील असतात, आणि ते पुंगळीच्या तळाच्या किंचित आत, पूर्ण बसवतात. तुमच्याकडे ते मिळत नसतील तर चाप आठ पौंडांखाली नेऊ नका. एक काडतूस न पेटल्यास तुम्ही सामन्याचे एक सेकंद तर गमावताच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढच्या प्रत्येक बाराला मनात शंका येते.

पकडीत पिस्तुलाची एक सवय तातडीने सोडा. पिस्तुलावर डाव्या हाताचा अंगठा पुढे, स्लाइडच्या बाजूने ठेवतात. रिव्हॉल्व्हरवर तो तिथे ठेवल्यास सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून सुटणारा तप्त वायू आणि शिशाचे कण बोट फाडू शकतात. डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर आडवा दाबून ठेवा आणि हात दांड्यावर जितका वर जाईल तितका वर घ्या. महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले की राही सरनोबत यांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार आठवतो, जिथे एका हाताने, जागेवर उभे राहून कागदी लक्ष्यावर नेम धरतात. त्या शिस्तीतून आलेल्यांना दोन हातांची ही घट्ट पकड सुरुवातीला अवघडल्यासारखी वाटते, पण चाप मात्र ते आमच्यापेक्षा सरस ओढतात.

चाप एकाच वेगाने, न थांबता शेवटपर्यंत ओढायचा असतो. अर्ध्यावर थांबून नेम जुळवायचा आणि मग उरलेला ओढायचा, ही पद्धत वेगात टिकत नाही. तितकेच महत्त्वाचे म्हणजे चाप पूर्ण पुढे सोडणे. पिस्तुलासारखा थोडासा सोडून पुन्हा ओढला, तर चाप अडकतो किंवा सिलिंडर घर ओलांडते आणि घोडा रिकाम्या पुंगळीवर पडतो. यंत्र मंद आहे म्हणून आपण मंद आहोत, हा समज टिकणारा नाही: अमेरिकी रिव्हॉल्व्हर नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये एका लक्ष्यावर आठ बार १ सेकंदात मारले आणि सहा बार, रिलोड, पुन्हा सहा बार हा क्रम २.९९ सेकंदांत पूर्ण केला.

रिलोडच्या दोन पद्धती आहेत. एकीत रिव्हॉल्व्हर उजव्या हातातच राहते. उजव्या अंगठ्याने खटका दाबून डाव्या हाताने सिलिंडर बाहेर ढकलायचे, दांडीवर ठोका मारायचा आणि त्याच हाताने कमरपट्ट्यावरून नवी क्लिप आणायची. दुसरीत रिव्हॉल्व्हर डाव्या हातात जाते, मधली दोन बोटे फ्रेममधून सिलिंडर धरतात, डावा अंगठा पुंगळ्या बाहेर काढतो आणि उजवा हात भरतो. पहिलीत पकड सुटत नाही, दुसरीत सिलिंडर स्थिर राहते आणि बारीक काम सवयीचा हात करतो. स्पीडलोडरसाठी दुसरी बरी, म्हणून तुम्ही तिच्यापासून सुरुवात करा. मून क्लिपवर गेल्यावर पहिली शिकता येईल. दोन्हींत पुंगळ्या काढताना नळी वर हवी आणि ठोका एकच, जोरकस हवा. नळी आडवी राहिली की न जळलेल्या दारूचे कण पुंगळ्या उचलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली जातात आणि मग सिलिंडर नीट बंद होत नाही. खिशात छोटा ब्रश ठेवा आणि प्रत्येक स्टेजनंतर ती जागा साफ करा. भरताना नळी खाली, नजर सिलिंडरवर आणि बोट चापाच्या कडीबाहेर. घरी नकली काडतुसांनी रोज थोडा वेळ हाच सराव करा, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून.

स्टेजचा आराखडा आखताना, पिस्तूलवाल्यांच्या मागे जाऊ नका. ते कुठे उभे राहायचे हे पाहतात, तुम्ही कुठे भरायचे हे आधी ठरवा आणि लक्ष्यांचे गट सहाच्या हिशेबात पाडा. सहापैकी पाचच वापरून चालता चालता भरणे, हे सहावा मारून उभ्याने भरण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. पोलादी लक्ष्ये शक्यतो ज्या गटात एखादे काडतूस शिल्लक राहते त्या गटात घ्या. पोलाद चुकले तर दुसरा बार लागतोच, आणि सिलिंडर रिकामे असताना तो बार मारायला पूर्ण रिलोड करावा लागतो.