स्वयंभू गंधार

दांडिया बाजार, वडोदरा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दहा दिवसांच्या ध्यानशिबिरावरून आलास, रोज पहाटे उठून ध्यानाला बसतोस, हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटच्या पानावर अडले. आजीचा भाऊ गेला, ती ओट्यावर बसून रडत होती, तू समोर होतास आणि तुला काहीच वाटलं नाही. "सगळं शून्य आहे हे आता कळायला लागलंय, ताई," असं तू लिहितोस. रियाजही त्यापायीच सोडलास. सूर तरी काय, उमटतो आणि विरतो, म्हणतोस.

बाळ, याला शून्यता म्हणत नाहीत. इतकं ठामपणे लिहिते, कारण ही चूक माझ्याच हातून घडून गेली आहे.

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हाची गोष्ट. मी नुकतीच ध्यानाला बसू लागले होते आणि नवशिक्याचा सगळा कडकपणा अंगात होता. पहाटे पलीकडच्या खोलीत दार लावून बसायचे. एकदा आईने हाक मारली. मी मनात म्हटलं, आवाज आला, कानावर पडला, गेला. दुसरी हाक आली, तीही नुसती पाहिली. आपण हललो नाही याचं समाधानही वाटलं. मग भांडं पडल्याचा आवाज झाला. जाऊन बघते तर तांब्या आडवा, फरशीभर पाणी, आणि आईचा हात पलंगावरून खाली लोंबतोय. तहान लागली होती, हात पुरला नव्हता. ती एक शब्द बोलली नाही. मी फरशी पुसली. तेव्हापासून बसलेली असताना घरातल्या कुणी हाक मारली की मी आधी उठते.

बधिरपणा आणि शांती दुरून सारख्याच दिसतात. दहा दिवस मौन पाळलं, श्वास आणि अंगावरच्या संवेदना पाहिल्या की मनातला गलका बसतो. त्या निवळलेपणात स्वतःचं दुःखही लांबचं वाटतं आणि दुसऱ्याचंही. ते वाईट नाही. पण ती वाटेतली धर्मशाळा आहे, आणि तू तिथे बिऱ्हाड मांडायला निघालास.

तू पहिल्यांदा तंबोरा लावायला शिकलास ती संध्याकाळ आठवते? पंचमाची तार वाजत होती, पण मेलेली. मी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा दोरा सरकवत होते, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार एकदम उघडली आणि खोली भरली. तसेच दोन्ही षड्ज लावले, मग खरज, म्हणजे खालचा षड्ज. चारही तारा जुळल्या आणि तू दचकून विचारलंस, "ताई, गंधार कुठून येतोय?" चार तारांतली एकही गंधाराला लावलेली नव्हती. मी म्हटलं, याला स्वयंभू गंधार म्हणतात.

नाव गोड आहे, पण आज त्या नावापाशी जरा थांब. स्वयंभू म्हणजे आपलं आपण उभं असलेलं, कशावरही न टेकलेलं. आणि हा गंधार तर सगळ्यांत जास्त टेकलेला! खरजाची तार हवी, तिच्यातलं पाचव्या पटीचं कंपन मोकळं करणारी जवारी, म्हणजे घोडी आणि दोऱ्यामुळे तारेला येणारी गुंजन, हवी, घोडीचा उतार नीट घासलेला हवा, दोरा जागेवर हवा, भोपळा हवा, छेडणारं बोट हवं, ऐकणारा कान हवा. पावसाळ्यात लाकूड फुगून तार जरा बेसूर झाली तरी तो नाहीसा होतो. सगळं जागच्या जागी ठेवून शोधलास तरी 'हा इथे आहे' म्हणून बोट ठेवता येत नाही. तरी तो आहे. तू ऐकलास, आणि तुझे डोळे भरून आले होते. मी पाहिलं होतं.

बौद्ध आचार्य नागार्जुन ज्याला शून्य म्हणतो ते हे. त्याचा शब्द आहे स्वभाव. आपण रागीट स्वभाव, शांत स्वभाव म्हणतो तो अर्थ इथे घेऊ नकोस. स्व-भाव म्हणजे दुसऱ्या कशाच्याही आधाराशिवाय असणं. वस्तूंना तसा स्वभाव नाही, एवढंच त्याचं म्हणणं. वस्तूच नाहीत असं तो कुठे म्हणत नाही. त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २४व्या प्रकरणात प्रतिपक्ष त्याला गाठतो: सगळं शून्य असेल तर बुद्धांची दुःखाविषयीची चार आर्यसत्यंही गेली, धर्म गेला, संघ गेला. नागार्जुन ते त्याच्यावरच उलटवतो. वस्तू स्वभावाने पक्क्या असत्या, तर दुःख उपजलंही नसतं आणि सरलंही नसतं. कारणांवर टेकून उपजणं, प्रतीत्यसमुत्पाद, यालाच तो शून्यता म्हणतो. आणि त्याच प्रकरणात बजावतो की ही शून्यता चुकीची पाहिली तर ती माणसाचा नाश करते, चुकीचा धरलेला साप करतो तसा.

संयुत्तनिकाय या पाली सूत्रसंग्रहात एका राजाची गोष्ट आहे. त्याने कधी वीणा ऐकली नव्हती. ऐकली आणि वेडावला. म्हणाला, तो आवाज आणा. लोकांनी वीणा आणून दिली. वीणा नको, आवाज आणा! त्यांनी समजावलं की बाबा, कातडं, दांडा, तारा, वाजवणाऱ्याचे कष्ट, हे सगळं जुळलं की आवाज होतो. राजाने वीणा फोडली, ढलप्या केल्या, जाळल्या, राख वाऱ्यावर उधळली आणि निकाल दिला की वीणा म्हणजे थोतांड आहे, लोक उगाच भुलतात. बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती 'मी' शोधायला गेलं तर कुठेच सापडत नाही हे दाखवायला. मला मात्र त्या राजाचा निकाल नेहमी खुपतो. तुझं पत्र वाचताना तोच डोळ्यांपुढे आला.

आता आपल्या गावातलं सांगते. कमाटीबागेत सकाळी पळायला जातोस, तिथली संकल्पभूमी पाहिली असशीलच. सप्टेंबर १९१७. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर शिकून, संस्थानाच्याच नोकरीवर इथे आले. अस्पृश्य म्हणून गावात कुणी राहायला जागा देईना. जिथे कसेबसे उतरले होते तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास ते कमाटीबागेत बसून होते. मन काहीसं रितं, काहीसं दुःखाने भरलेलं, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं, आणि आईवडिलांच्या आठवणी येत होत्या असंही. त्या रितेपणाला कुणी शून्यता म्हणू नये. तो अन्यायाने केलेला घाव होता.

पुढे याच माणसाने बुद्धाची शून्यता उलगडून सांगितली. ती सर्वनाशवाद नाही, क्षणोक्षणी होणारा बदल म्हणजे शून्यता, आणि तिच्यामुळेच जगात सगळं शक्य होतं, असं त्यांनी मांडलं. हे त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. अस्पृश्यता म्हणजे दुसरं काय? माणसाला जन्माने चिकटलेला, कधीच न बदलणारा स्वभाव आहे, ही समजूत! वस्तूंना असा स्वभाव असता तर त्या बागेतल्या तरुणाला रडण्यापलीकडे काही उरलं नसतं. १९५६ साली नागपूरला जे घडलं ते घडायला जागाच उरली नसती. सगळं शून्य आहे म्हणून हातपाय गाळणाऱ्याने आधी संकल्पभूमीतल्या त्या झाडापाशी, ते बसले होते तिथे, जाऊन उभं राहावं.

विचार थांबला की झालं, असंही तू लिहितोस. हा वाद फार जुना आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस तिबेटात राजासमोर यावर चर्चा झाली. चीनहून आलेले एक आचार्य म्हणत, विचारच सोडा. भारतातून गेलेले कमलशील म्हणाले, नुसत्या न-विचाराने अज्ञान जात नाही, बेशुद्धीतही विचार नसतो. आधी शमथ, मन स्थिर करणं. मग विपश्यना, स्थिर झालेल्या मनाने खोदून पाहणं. हे कमलशील आपल्याला परके नाहीत. त्यांचे गुरू शांतरक्षित यांचा तत्त्वसंग्रह, कमलशीलांच्या टीकेसह, १९२६ साली इथेच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला.

मग बसायचं कसं? शिबिरात शिकवलं तसंच बस, ते सोडू नकोस, आणि तार फार ताणू नकोस. भरीला एक सांगते. बुद्ध श्रावस्तीला उपासिका विशाखेच्या प्रासादात होते तेव्हा शिष्य आनंदाला म्हणाले, हा प्रासाद हत्तींनी, गाईंनी, घोड्यांनी शून्य आहे, सोन्याचांदीने शून्य आहे. शून्य नाही ते एकच, इथे बसलेला भिक्षुसंघ. किती साधं आहे बघ. जे नाही ते नाही म्हणून पाहायचं, आणि जे उरलं आहे ते आहे म्हणून जाणायचं. तिथून ते गाव सोडून रान, रान सोडून पृथ्वी, असे एकेक पायरी पुढे जातात. आणि सगळं निवाल्यावरही सहा इंद्रियांचा हा देह उरतो, हे सांगायला विसरत नाहीत.

तू पहाटे एवढंच कर. दिवसभराचा एखादा राग घे आणि तो कशावर टेकलाय ते बघ: कुणाच्या तरी बोलण्यावर, अर्धवट झोपेवर, 'माझा अपमान' या शब्दावर. त्यातला 'माझा' हातात येतो का बघ. घाईने उत्तर काढू नकोस. राग सैल झाला की उरतं काय, तेही बघ. मला तिथे बहुतेक वेळा दुसरं माणूस दिसलं आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला कमाटीबागेच्या दारापाशी ये, अर्धा तास संकल्पभूमीजवळ बसू. त्याआधी एक संध्याकाळ आजीजवळ बस आणि तिचा भाऊ लहानपणी कसा होता ते विचार. रविवारी तिथून घरीच येशील ना? तंबोरा महिनाभर गवसणीत आहे, तारा उतरल्यात. येताना जवारीसाठी सुती दोरा आण, माझ्याकडचा संपलाय.

तुझी,
ताई