विंडोज नीट चालतं, मग लिनक्स इन्स्टॉल करतानाच मशीन का हँग होतं?

'विंडोज इतकी वर्षं नीट चालतंय, म्हणजे हार्डवेअर ठणठणीतच आहे' हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले. माझ्या दादाने हेच वाक्य मला दोन आठवडे ऐकवलं होतं. ते साफ चूक आहे.

घरचा डेस्कटॉप, ४ जीबीच्या दोन रॅम. त्यावर दादाचं विंडोज होतं, मला शेजारच्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या भागात) मिंट (लिनक्सची एक डिस्ट्रो, म्हणजे तयार संच) टाकायचं होतं. पहिल्यांदा फाइल्स कॉपी होताना अडकलं. माउसचा बाण जागच्या जागी, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं, पंखा तेवढा फिरतोय. पॉवर बटण दाबून धरण्याशिवाय उपाय नाही. दुसऱ्यांदा पार्टिशनच्या पानावर अडकलं, तिसऱ्यांदा तर भाषा निवडतानाच. मी पेनड्राइव्ह बदलला, मिंट सोडून डेबियन घेतलं, मग उबुंटू, याही डिस्ट्रोच. दर वेळी नवी जागा. दादा मागून येऊन म्हणायचा, "फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं, माझं विंडोज बघ." आणि मला उत्तर देता यायचं नाही.

खरं तर उत्तर समोरच होतं. दर वेळी एकाच टप्प्यावर अडकत असेल तर ड्रायव्हर किंवा इन्स्टॉलरवर संशय घ्यावा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर आधी रॅम, मग तापमान, मग पॉवर सप्लाय. मी मात्र डिस्ट्रो बदलत बसले.

शेवटी एका रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम फेऱ्यांवर फेऱ्या तपासणारा प्रोग्रॅम, लावून झोपले. सकाळी निळ्या स्क्रीनवर लाल ओळी. रॅममधल्या जागेचा पत्ता सगळीकडे जवळपास एकच. जिथे आठ 'एफ' हवे होते तिथे सहाव्या जागी 'बी'. म्हणजे एक बिट (एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११). एकाचा शून्य झालेला, तोही पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत. एकेक रॅम काढून, स्लॉट अदलाबदल करून पुन्हा चालवलं, तेव्हा खराब रॅम कोणती ते कळलं. ती बाजूला ठेवली आणि उरलेल्या ४ जीबीवर मिंट एका दमात बसलं.

मग विंडोज का चालत होतं? ते चालत नव्हतंच, निभावून नेत होतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरची (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करताच सुरू होतं, त्यावरची) सगळी सिस्टिम एका कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये असते. ती उलगडण्याचं काम रॅममध्ये होतं, आणि लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी (वाचलेल्या फाइल्स हाताशी ठेवण्यासाठी) भरत जातं. कॉम्प्रेस केलेल्या डेटात एक बिट फिरला की तो अख्खा ब्लॉक वाया जातो. आधीच बसवलेल्या विंडोजवर कुणी फक्त ब्राउझर वापरत असेल, तर तोच बिट एखाद्या चित्राच्या ठिपक्यावर पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दादाच्या झिप फाइल्स उघडताना वर्षभर सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची सूचना) येत होती, काही फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला होता. त्याचं खापर तो इंटरनेटवर आणि पेनड्राइव्हवर फोडत होता. खराब रॅम काढल्यावर नव्या फाइल्सचं ते सगळं बंद झालं.

तर तुम्ही आज रात्रीच मेमटेस्ट लावा. नवं मशीन असेल तर मेमटेस्ट८६+ची ६.०० किंवा पुढची आवृत्ती घ्या, ती यूईएफआयवर (नव्या मशीनमध्ये जुन्या बायोसच्या जागी असलेल्या प्रणालीवर) थेट चालते. त्याआधीच्या चालत नाहीत. निदान चार फेऱ्या होऊ द्या. एकही एरर चालवून घेऊ नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करून पुन्हा तपासा, कारण कधी कधी रॅम चांगली असते आणि वेगच तिला झेपत नाही. आयएसओचा (डाउनलोड केलेल्या लिनक्सच्या फाइलचा) चेकसम, म्हणजे फाइल बिघडलेली नाही ना हे दाखवणारा आकडा, जुळवलाय असं मी धरून चालले आहे.

हे खरं तर वरच सांगायला हवं होतं: बूट मेनूनंतर लगेच काळ्या स्क्रीनवर अडकत असेल आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर माझी गोष्ट तुमच्या कामाची नाही. मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने (linux) सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा. मध्येच हँग झाल्यावर कॅप्स लॉक दाबून बघा. दर वेळी बटण दाबल्यावर दिवा पेटत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, बहुधा फक्त ग्राफिक्स अडकलंय. एएमडीचे सुरुवातीचे रायझन प्रोसेसर रिकामे बसले असताना हँग व्हायचे. तिथे बायोसमधलं 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवतात. आणि मेमटेस्ट स्वच्छ आला म्हणजे रॅम शंभर टक्के चांगली, असंही नाही. एरर आली तर मात्र ती खरी समजा.

रॅम खराब निघाली तर ती बदलून थांबू नका. त्या मशीनवरून जे जे कॉपी केलंय ते मूळ प्रतींशी ताडून बघा, आणि ताडून होईपर्यंत मूळ प्रती पुसू नका. दादाने कॅमेऱ्याचं कार्ड तेव्हाच पुसलं होतं. आमच्या आजीचे त्या वर्षीचे फोटो अजून अर्धे राखाडीच आहेत.